मारिसेलशी बोलण्यापुरतं इंग्रजी

४ फेब्रुवारी

आज क्लासला नाव घातलं. मारुती मंदिराजवळ, औषधाच्या दुकानाच्या वर. जिना उभा आहे, दम लागला. गौरी मॅडम तिशीच्या आसपास असतील. त्यांनी एक उतारा वाचायला दिला, मग चार ओळी लिहायला, आणि मग म्हणाल्या, आता बोला. लिहिलेलं बहुतेक सगळं बरोबर निघालं. बोलायला तोंड उघडलं आणि 'माय नेम इज'च्या पुढे गाडी गेली नाही.

"काकू, तुम्ही इंटरमीजिएटला बसा. तुमचं इंग्रजी आत आहे, फक्त बाहेर येत नाही."

इतकी वर्षं जि. प. शाळेत पहिली-दुसरीला ए फॉर ॲपल शिकवलं. बाहेर यायची वेळच आली नाही.

कशासाठी शिकताय, विचारलं. सुनेशी बोलायला, म्हटलं. सून फिलिपिन्सची. "आणि मुलगा?" मी म्हटलं, बोटीवर होता. त्यांनी फॉर्मवर मर्चंट नेव्ही लिहिलं. 'होता' त्यांनी ऐकलं नाही. मीही परत म्हटलं नाही.

६ फेब्रुवारी

रविवारचा फोन डोक्यातून जात नाही. मारिसेल बराच वेळ बोलत होती. बाळ मांडीवर झोपलेलं. मी येस, येस करत होते. शेवटी थांबली, डोळे पुसले आणि म्हणाली, "थँक्यू, आई." कशाबद्दल? मी कशाला हो म्हणून बसले?

अमोल होता तेव्हा तो मधे असायचा. ती भलं मोठं काहीतरी बोलायची आणि हा सांगायचा, "आई, जेवलीस का विचारतेय." मी म्हणायचे, एवढ्या मोठ्या बोलण्यातलं बाकीचं कुठे गेलं रे? तर हसायचा. ऑक्टोबरमधे तो गेला. आफ्रिकेतल्या कुठल्याशा बंदरात, मलेरियाने. मारिसेलला सातवा महिना होता, तिला विमानात घेईनात. तिने त्याला शेवटचं पाहिलंच नाही. आणि आता आम्ही दोघी फोनच्या दोन बाजूंना, आणि मधे कोणी नाही.

११ फेब्रुवारी

क्लासात सगळी पोरं. हॉटेलात लागायचंय असे दोघे-तिघे, एक नर्स, एक बँकेच्या परीक्षेवाला. मला बघून उठून उभे राहतात, शाळेत उठायचे तसे. बसा रे म्हटलं.

आजचा धडा: हॅज बीन आणि हॅज गॉन. बीन म्हणजे जाऊन आला. गॉन म्हणजे गेला, अजून आलेला नाही. मॅडमनी प्रत्येकाला घरातल्या माणसावर वाक्य करायला सांगितलं. माझी पाळी यायच्या आधी मी पाणी प्यायला बाहेर गेले.

१६ फेब्रुवारी

कळलं कशाला येस म्हटलं होतं ते. मारिसेलने फोटो पाठवलेत. चर्चमधले. बाळाला पांढरा झगा, डोक्यावर पाणी घालतायत. खाली लिहिलंय, नाव अमोलिन. तिच्याकडे मुलींच्या नावापुढे 'लिन' लावतात म्हणे. अमोल आणि लिन. तिने मला विचारलं होतं, नाव ठेवू का, पाणी घालू का. मी हो म्हटलं होतं.

ह्यांना दाखवायला गेले. हे पडवीत पंख्याची मोटर उघडून बसले होते. बर्फाच्या कारखान्यात दिवसभर मशिनं, घरी आल्यावर परत मशिनं.

"नाव ठेवायच्या आधी विचारायची रीत असते," म्हणाले.

"विचारलंन तिने. मी हो म्हटलं."

"तुला काय कळलं तिनं विचारलेलं?"

नाही कळलं. पण कळलं असतं तरी हो म्हटलं असतं.

ह्यांनी फोटोकडे बघितलं नाही. म्हणजे माझ्यासमोर नाही.

२ मार्च

फोन. आज पाच-सहा वाक्यं माझी मी बोलले. तू कशी आहेस, बाळ दूध पिते का, तिकडे ऊन किती. मारिसेल टाळ्या वाजवते. म्हणते, आई, माझंसुद्धा हे इंग्रजी शाळेतलंच, आमच्या घरी कोणी बोलत नाही. तिची आई मागे कपडे घडी करत होती. तिला इंग्रजी येत नाही. हात जोडून हसली. मीही जोडले.

हे फोनच्या वेळेला परसात जातात. माडाची झापं गोळा करायला. वारा नसतानाही.

अमोलने लग्न केलं आणि मग कळवलं. कोर्टात, तिच्या गावी, इलोइलोला. ह्यांनी त्या दिवसापासून त्याच्याशी बोलणं टाकलं. फोन आला की "तुझा हाय" म्हणून माझ्या हातात. तो यायचा होता गणपतीत, समजूत घालायला. बोटीवरून सुटी मिळाली नाही. नंतर आला तो पेटीतून.

९ मार्च

काय झालं कळत नाही. फोन कापला तिने.

मारिसेलने विचारलं, अमोल कुठे आहे? मला त्या जागेचा फोटो पाठवा, मला बघायचंय. मला प्रश्न कळला. पूर्ण कळला. मी मनात वाक्य जुळवलं आणि म्हटलं, "वी लेफ्ट हिम इन द सी." ती म्हणाली, व्हॉट? मी परत म्हटलं, सावकाश, मॅडम सांगतात तसं एकेक शब्द सुटा करून. ती ओरडली. तिच्या भाषेत काहीतरी. तिची आई धावत आली. मग पडदा काळा.

परत लावला. उचलत नाही.

११ मार्च

क्लास सुटल्यावर थांबले. गौरी मॅडमना म्हटलं, एक वाक्य तपासून द्या. वाक्य सांगितलं. त्या फळा पुसत होत्या, हात थांबला.

"काकू, हे कोणाबद्दल?"

सांगितलं. सगळं. पेटी, स्मशान, भाट्याच्या खाडीच्या तोंडाशी अस्थी सोडल्या ते. त्या बाकावर येऊन माझ्या शेजारी बसल्या. मग हळू म्हणाल्या, "तुमचं व्याकरण बरोबर आहे, काकू. पण ऐकणाऱ्याला वाटेल की तुम्ही त्याला तसाच पाण्यात सोडून दिलात. अग्नी दिला हे वाक्यात कुठेच नाही."

नव्हतंच. मला 'बर्न' येतं. पोरांना शिकवलाय की तो शब्द. हात भाजला, दूध जळलं, भाकरी करपली. तो अमोलसाठी कसा वापरायचा? जिभेवर आला होता. मी तो टाकून पुढे गेले.

मॅडमनी दुसरा शब्द दिला. क्रिमेट. ऐकायला थंड आहे. असू दे.

१२ मार्च

मेसेज लिहिला. मॅडम म्हणाल्या मी लिहून देते, नको म्हटलं. चारदा लिहून पाचव्यांदा पाठवला. निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

१९ मार्च

नाही.

२३ मार्च

रविवार. वेळ झाल्यावर फोन समोर ठेवून बसले. दुपारभर. हे आज परसात गेले नाहीत. दारात उभे.

"आला नाय?"

"नाही."

"पोर बरं हाय ना?"

म्हटलं, मला काय माहीत. मग सगळं सांगितलं, मी काय बोलले, तिने काय समजून घेतलं. हे ऐकत राहिले. शर्टाचं बटण लावत, काढत.

"म्हणजे तिला वाटलं मी पोराला माशांना टाकला."

ह्यांनी चप्पल घातली आणि गेले. जेवायला उशिरा आले. नुसता भात खाल्ला.

३० मार्च

आज ह्यांनी मला स्कूटरवर बसवलं. कुठे ते सांगितलं नाही. भाट्याला नेलं. पुलाच्या अलीकडे उतरून वाळूतून खाडीच्या तोंडापर्यंत चाललो. भरती लागत होती. नदीचं पाणी आणि समुद्राचं पाणी जिथे एकमेकाला भिडतं तिथे एक रेघ दिसते. त्या रेघेकडे बोट दाखवून म्हणाले, "फोन काढ. माझा व्हिडिओ कर."

मी धरला. हे पाण्यात गुडघाभर गेले, पँट न दुमडता. वळले. कॅमेऱ्याकडे बघून मराठीतच बोलले. शाळेतल्या मुलासारखे ताठ उभे राहून.

"मी अमोलचा बाप. त्याला मी अग्नी दिला. माझ्या हातानं. मग जी राख उरली ती मडक्यातून हितं आणली. ही जागा. हितं सोडली. पोरी, आमच्यात असंच करतात. त्याला टाकला नाय. त्याला मी…"

पुढचं वाऱ्यात गेलं. का बोललेच नाहीत, कळलं नाही. मी हात हलू दिला नाही.

येताना वाटेत एकदा म्हणाले, "ती मारिसेल बारीक हाय गो. खाते की नाय?" म्हणजे फोटो बघितलेत.

३१ मार्च

व्हिडिओखाली मी लिहिलं. साधंच. आधी अग्नी. मग राख. मग समुद्र. त्याच्या वडिलांनी स्वतःच्या हातांनी नेलं. आमच्यात हा मान असतो. 'मान' साठी मॅडमना फोन केला. ऑनर.

पाठवला.

१ एप्रिल

मारिसेलचा आवाज आला. मेसेजमधे. खूप रडत. तीनदा ऐकल्यावर कळलं ते असं: आई, मला माफ करा. मला रोज स्वप्नात तो पाण्यात डोळे उघडे ठेवलेला दिसायचा. आणि आई, पापा अगदी अमोलसारखे चालतात. मी त्यांना पाठमोरं बघितलं आणि मला वाटलं तोच.

ह्यांना अर्थ सांगितला. स्वप्नाचं गाळलं. चालण्याचं सांगितलं. हे उठून मोरीत गेले आणि बराच वेळ नळ चालू होता.

६ एप्रिल

फोन. मारिसेल शांत होती. विचारलंन, थोडीशी राख ठेवली असेल ना? चिमूटभर? ती पाठवता येते का, विमानाने?

नाही ठेवली. ठेवत नाहीत. सगळी.

"ऑल?"

"ऑल."

मग तिने सांगितलं, त्यांच्याकडे वर्षातून एक दिवस सगळे स्मशानात जातात. जेवण घेऊन, मेणबत्त्या घेऊन, मुलंबाळं घेऊन. दिवसभर आपल्या माणसाच्या थडग्यापाशी बसतात, गप्पा मारतात. म्हणाली, अमोलिन मोठी होईल, सगळी मुलं आपापल्या लोकांकडे जातील, मी हिला कुठे नेऊ?

 

२२ एप्रिल

क्लास. गौरी मॅडमना मी आता सगळं सांगते. आज त्या म्हणाल्या, तुम्ही बोलताना आधी मराठीत जुळवता, म्हणून थांबता. थेट बोला, चुकलं तर चुकू दे. म्हटलं, चुकल्यावर काय होतं ते बघितलंय मी.  मग मलाच वाईट वाटलं. चांगली पोरगी आहे.

११ मे

आज हे फोनसमोर आले. बोलावलं नव्हतं. हात पुसत आले आणि माझ्या खुर्चीच्या मागे उभे राहिले. अमोलिन पालथी पडून मान वर करून बघत होती. ह्यांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "काय गो बाय?"

ती हसली. तोंडभर, बोळक्याने. परत म्हणाले, "काय गो बाय?" परत हसली. मग हे तेच म्हणत राहिले आणि ती तेच हसत राहिली. मारिसेल पलीकडे पोट धरून हसत होती आणि डोळे पुसत होती. म्हणाली, पापाचा आवाज सेम.

दिवसभर घरात ह्यांची पावलं हलकी. मासळी घेऊन आले मिरकरवाड्यातून. कित्येक महिन्यांनी सुरमई तळली.

२५ मे

दर रविवारी "काय गो बाय". मला बोलायला मिळत नाही.

जेवताना म्हणाले, "इकडं आण म्हणावं त्यांना. खोली रिकामी हाय." अमोलची खोली म्हणाले नाहीत. "पोर हिकडंच वाढू दे. शाळा हाय, तू हायस. तिला वाटलं तर तिनं पण राहावं. नाय वाटलं तर…" 

मीही तेच मनात घोळवतेय, पंधरवडाभर. बोलून दाखवलं नव्हतं.

१ जून

काढला नाही विषय. आधी नीट शिकते.

५ जून

मॅडमनी विनंती कशी करायची ते शिकवलं. वुड यू लाइक टु. वुड यू माइंड. आय वॉज वंडरिंग इफ. म्हणाल्या, इंग्रजीत जितकं लांबून विचाराल तितकं आदबशीर. होय की नाही म्हणायला समोरच्याला जागा सोडायची. मला ते पटलं. आमच्याकडे 'ये गो' म्हणतात आणि आलं नाही की राग धरतात.

नर्स पोरगीबरोबर जोडीने सराव. ती मारिसेल झाली, मी मी झाले. तिने लगेच हो म्हटलं. सगळे हसले.

१५ जून

विचारलं आज.

हे शेजारी बसलेले, इस्त्रीचा शर्ट घालून. मी म्हटलं, मारिसेल, वुड यू लाइक टु कम अँड लिव्ह विथ अस. तू आणि अमोलिन. खूप चांगलं बोलले. एकही चूक नाही.

ती खाली बघत राहिली. मग म्हणाली, आई, मला तुम्हाला सांगायचंच होतं. मी परत बोटीवर जातेय. पूर्वीच्या क्रूझवर, जिथे अमोल भेटला होता त्याच कंपनीत. स्वयंपाकघरात. ऑगस्टमधे. घरात कमावणारं कोणी नाही. अमोलिन माझ्या आईकडे राहील.

मी म्हटलं, मग आमच्याकडे ठेव. आम्ही दोघं आहोत, घर आहे. हे मी लांबून नाही विचारलं. सरळ. 

ती म्हणाली, "आई, प्लीज डोन्ट आस्क मी." मग तुकड्यातुकड्याने: अमोलिन जन्मल्यापासून माझ्या आईच्या कुशीत झोपते. मी परत येईन तेव्हा निदान आमची भाषा तरी बोलत असेल. तुमच्याकडे राहिली तर ती मराठी बोलेल. मग मी तिची आई कशी? मी तिच्याशी इंग्रजीत बोलायचं का, तुमच्याशी बोलते तसं?

मला सगळं कळलं. एकेक शब्द. फेब्रुवारीत ह्यातलं काही कळलं नसतं, मी येस येस म्हटलं असतं.

हे विचारतायत, काय म्हणाली, काय म्हणाली. मी म्हटलं, ती कामावर चाललीये.

"आणि पोर?"

"तिच्या आईकडे."

उठले. शर्ट काढून खुंटीला लावला.

१६ जून

ह्यांनी आज मला म्हटलं, "तू नीट विचारलंस नसशील."

मी ताट तसंच ठेवून उठले. हा माणूस. एक वाक्य तरी येतं का त्याला?

संध्याकाळी स्वतःच चहा करून आणून दिला. साखर विसरले. मी तसाच प्यायले.

२९ जून

"काय गो बाय" झालं. पण आवाज पडलेला. अमोलिनला कळत असेल का? हसली नेहमीसारखीच.

१३ जुलै

मारिसेल हल्ली माझ्याशी जास्त वेळ बोलते. जायच्या आधी सगळं सांगून ठेवायचं असल्यासारखी. अमोल आणि ती कसे भेटले ते आज कळलं. त्याला खोकला झाला होता, हिने आल्याचं पाणी करून दिलं. तो म्हणाला, माझी आई असंच करते. तिने विचारलं, कशी आहे तुझी आई? तर म्हणाला, शिक्षिका आहे, रागावते, पण आधी जेवायला वाढते.

मी म्हटलं, त्याने मला हे कधी सांगितलं नाही. ती म्हणाली, मला रोज सांगायचा.

एवढं इंग्रजी शिकले म्हणून हे ऐकायला मिळालं.

१० ऑगस्ट

मारिसेल परवा निघते. आज शेवटचा मोठा फोन. बोटीवर नेट महाग आणि कधी लागतं कधी नाही. अमोलिन तिच्या गळ्यातली साखळी चोखत होती. मी बरीच तयारी केली होती, जपून जा, वेळेवर खा, काळजी करू नकोस. त्यातलं एकच बोलले. म्हटलं, यू आर माय डॉटर. मधे 'लाइक' घालायला हवं होतं का, मॅडमना विचारणार होते. नाही विचारणार.

ह्यांनी तिला हात केला. म्हणाले, "सांभाळून जा गो पोरी." काय म्हणाले ते तिने विचारलं नाही, नुसतं "येस, पापा" म्हणाली.

२७ ऑगस्ट

गणपती. ह्या वर्षी आमच्याकडे नाही. शेजारच्या घरातून आरत्या ऐकू येतात. हे कारखान्यात गेले, सुटी असून.

२ सप्टेंबर

मॅडमनी विचारलं, काकू, ॲडव्हान्स्डला नाव घालू ना? तुम्ही तयार आहात. मी म्हटलं, बघते. बोलणार कोणाशी? मारिसेलने गेल्यापासून एकदाच 'आय ॲम फाइन आई' पाठवलंय. आणि तिच्या आईला इंग्रजी येत नाही. हे त्यांना सांगितलं. त्या पुस्तक बंद करून बसल्या. म्हणाल्या, मला त्यांची भाषा येत असती तर…

जिना उतरताना वाटलं, एवढं करून पोचले कुठे? जिथे पोचले तिथून माणूसच उठून गेलं.

७ सप्टेंबर

तिच्या आईने फोन लावला. स्वतःहून! मारिसेलने शिकवून ठेवलं असणार, कुठलं बटण दाबायचं ते. ती काहीतरी बोलली, मी काहीतरी बोलले. तिने मान हलवली, मी हलवली. तिने अमोलिनचा पाय उचलून दाखवला, गुडघ्यावर खरचटलंय. मी "अरे अरे" केलं. तेवढं तिला बरोबर कळलं.

मग तिने फोन कशाला तरी टेकवून ठेवला आणि कामाला गेली. मला पत्रा दिसत होता, पडद्याचं टोक, आणि अमोलिन. ती रांगत यायची, भिंगाला नाक लावायची, जायची. मी तिच्याशी बोलत बसले. मराठीत. काय काय बोलले. तुझा बाबा पण असाच गुडघे फोडायचा. परसात कोकम वाळत घातलंय. हे आले, ते पण बोलायला लागले. पलीकडे आजी भांडी घासताना हसली, आम्हाला ऐकून.

२१ सप्टेंबर

अमोलिन एक शब्द म्हणते. तूबिग. सारखा. हात पुढे करून. तिची आजी तिला पेला देते. पाणी असेल. मीही म्हटलं, तूबिग. आजी एकदम थांबली आणि माझ्याकडे बघून परत म्हणाली, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून. शिकवते मला.

५ ऑक्टोबर

वर्ष झालं. भटजी आले, झालं सगळं. अमोलच्या शाळेतले दोघे मित्र आले होते.  दुपारी सगळे गेल्यावर हे म्हणाले, "त्याला गणपतीत येऊन माझ्याशी बोलायचं होतं."

"हो."

"काय बोलणार होता, तुला सांगितलंन?"

नव्हतं सांगितलं. तसंच म्हटलं.

१२ ऑक्टोबर

मारिसेलचा मेसेज, बोटीवरून. करार मार्चमधे संपतो. मग दोन महिने घरी. "मेबी आय विल कम टु रत्नागिरी विथ अमोलिन. मेबी." दोनदा लिहिलंय. खाली, पापांना एवढ्यात सांगू नका, नाही जमलं तर त्यांना वाईट वाटेल.

मी वाचत होते तेव्हा हे मागे उभे. अमोलिनचं नाव त्यांना इंग्रजीत ओळखता येतं आता. रत्नागिरीही येतं.

"काय लिहिलंन?"

सांगावंच लागलं. ती मार्चनंतर इकडे येण्याचं म्हणतेय, पोरीला घेऊन.

"येणार?"

"मेबी, म्हणाली."

"मेबी म्हणजे काय गो?"

कदाचित. हा तो शब्द. मी कितीतरी वेळा फळ्यावर लिहिलाय. ह्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हटलं, "बहुतेक."

हे परसात गेले. मी खिडकीतून बघत होते. विहिरीपाशी उभे राहिले, कठड्याला मांडी लावून. कठडा जुना, बुटका आहे. हात उभा धरून उंची मोजली, मग हात आणखी वर नेला. आत येऊन म्हणाले, "चार चिरे आणून चढवायला हवा कठडा. पोर चालत येईल तोवर."

हो, म्हटलं.